रन होईना गेलंय!

“सर, प्रोग्राम रन होईना गेलाय.” नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या नायगावात कॉलेजची लॅब असो नाहीतर कॉम्प्युटर क्लास, वर्षाच्या सुरुवातीला हे वाक्य कानावर येतेच. प्रोग्राम असतो पाच-सहा ओळींचा, फळ्यावरून वहीत नीट उतरवलेला. लॅबमधल्या निळ्या पडद्यावर तो मुकाट चालतो. घरी सेकंडहँड लॅपटॉपवर, मोबाइलचा हॉटस्पॉट लावून उतरवलेल्या मोफत कंपायलरवर मात्र तोच प्रोग्राम पहिल्या ओळीलाच अडतो. पोरगं दोन-तीन संध्याकाळी झटतं आणि मग ठरवून टाकतं की सी भाषा काही आपल्याला जमायची नाही.

माझे म्हणणे असे की त्या संध्याकाळींत सी भाषेशी त्याची गाठ फारशी पडलेलीच नसते. गाठ पडते ती सांध्यांशी. कंपायलर आणि विंडोज यांच्यातला सांधा, कंपायलर आणि एडिटर यांच्यातला सांधा, आणि सगळ्यात चिवट म्हणजे वहीतली सी आणि मशिनवरची सी यांच्यातला. यांतला कुठला निखळला आहे हे पडद्यावरच्या लाल ओळीत बहुतेक वेळा लिहिलेलेच असते. फक्त ती ओळ कोण बोलतो आहे, हे कोणी सांगितलेले नसते.

निळा पडदा म्हणजे बोरलँड कंपनीचे टर्बो सी. पहिली आवृत्ती १९८७ सालची. आपल्याकडे पेनड्राइव्हवरून फिरते ती टर्बो सी++ ३.०, म्हणजे १९९१च्या अखेरची. तिचे कौतुक करायलाच हवे. एडिटर, कंपायलर, लिंकर, डीबगर, मदतीची पाने असे सगळे एकाच खिडकीत. कंट्रोल आणि एफ-नाइन दाबले की प्रोग्राम पळतो, ऑल्ट आणि एफ-फाइव्ह दाबले की उत्तर दिसते. पाथ, लायब्ररी, लिंकिंग हे शब्द उच्चारायचीही गरज नाही. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ देशभरच्या पोरांच्या दप्तरात गेले; त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्याही डॉसच्याच जमान्यातल्या. शिकवणाऱ्यांची एक अख्खी पिढी त्या निळ्या चौकटीत तयार झाली आणि प्रॅक्टिकलच्या वह्या तिथूनच पुढे उतरत आल्या.

पण ही चौकट सोळा-बिटी डॉससाठी बांधलेली. चौसष्ट-बिटी विंडोजमध्ये सोळा-बिटी प्रोग्राम चालवण्याची सोयच नाही. म्हणून हल्ली टर्बो मिळते ते डॉसबॉक्स नावाच्या आवरणात गुंडाळून. लॅपटॉपच्या आत एक नकली जुना डॉसचा पीसी उभा करायचा आणि त्याच्या पोटात कंपायलर चालवायचा. फाइलचे नाव आठ अक्षरांपलीकडे जाता कामा नये. माउस त्या खिडकीत अडकून बसतो आणि कंट्रोल एफ-टेन दाबल्याशिवाय सुटत नाही. हे माहीत नसलेली पोरे सरळ लॅपटॉपच बंद करतात. शिवाय टर्बो मोफत आहे हा सार्वत्रिक समज अर्धाच खरा. बोरलँडने पुढे टर्बो सी २.०१ आणि टर्बो सी++ १.०१ या जुन्या आवृत्त्या अधिकृतपणे मोफत दिल्या. आपली लाडकी ३.० त्यांत नव्हती.

खरोखर मोफत, शिवाय ज्याचा सोर्सही खुला आहे, असा कंपायलर म्हणजे जीसीसी. त्याची पहिली चाचणी आवृत्ती २२ मार्च १९८७ रोजी बाहेर पडली, म्हणजे टर्बो सीच्याच वर्षी. रिचर्ड स्टॉलमन यांना युनिक्ससारखी संपूर्ण खुली प्रणाली उभारायची होती आणि तिच्यासाठी कंपायलर हवा होता. नवा लिहिण्याचे कष्ट वाचावेत म्हणून त्यांनी लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतला पास्टेल नावाचा कंपायलर घेतला, त्याला सी भाषा शिकवली आणि मोटोरोलाच्या ६८००० प्रोसेसरवर आणायला घेतला. तेव्हा कळले की त्याला स्टॅकसाठी कित्येक मेगाबाइट मेमरी लागते, आणि हाताशी असलेली युनिक्स प्रणाली देत होती फक्त ६४ किलोबाइट. मग मुकाट्याने सगळे पहिल्यापासून लिहायला घेतले. म्हणजे मोफत कंपायलरच्या पायी डोके धरून बसलेला पहिला माणूस खुद्द त्याचा जनकच.

जीसीसी जन्माला आला युनिक्सच्या घरात. त्याने गृहीत धरले की असेंब्लर, लिंकर, सीची मूळ लायब्ररी आणि कमांड टाइप करायची जागा हे सगळे घरात आधीपासून आहेच. डॉस-विंडोजवर यातले काहीच तसे नव्हते. डीजे डेलोरी या प्रोग्रामरने जीसीसी डॉसवर आणण्याबद्दल विचारले तेव्हा स्टॉलमन यांनी ते अशक्य असल्याचे सांगितले होते. जीसीसी फार मोठा आणि डॉस सोळा-बिटी. डेलोरी यांनी १९८९मध्ये कामाला हात घातला आणि ते करून दाखवले. डीजेजीपीपी हे त्याचे नाव. पुढे विंडोजसाठी मिंगडब्ल्यू आले, त्यानंतर त्याचा चौसष्ट-बिटी अवतार. पण विंडोजवर जीसीसी आजही पाहुणाच आहे आणि आपली अंथरूण-पांघरुणे सोबत घेऊन येतो. नायगावच्या पोराच्या तक्रारींतल्या निम्म्या तक्रारींचे मूळ इथे आहे.

यातला पहिला झटका सगळ्यांना ठाऊक आहे. कंपायलर उतरवला, इन्स्टॉल केला, काळी खिडकी उघडून ‘जीसीसी’ टाइप केले, आणि उत्तर आले: ‘जीसीसी’ इज नॉट रेकग्नाइज्ड ॲज ॲन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड. पोरगं म्हणतं, कंपायलर खराब आहे. अहो, कंपायलरला तर अजून हाकही गेलेली नाही. हे वाक्य विंडोजचे आहे. कमांड शोधायला कुठल्या कुठल्या फोल्डरांत पाहायचे याची एक यादी विंडोजकडे असते, तिचे नाव पाथ. जीसीसीची फाइल ज्या ‘बिन’ फोल्डरात आहे त्याचा पत्ता त्या यादीत घातला की काम झाले. आता यातली खोच. पाथ बदलल्यावर जुनी काळी खिडकी तशीच उघडी ठेवली तर तिच्याकडे जुनीच यादी राहते. खिडकी बंद करून नवी उघडावी लागते. बरोबर केलेली दुरुस्ती चूक समजून पुसून टाकणारे याच ठिकाणी बळी पडतात.

दुसरा झटका एडिटरचा. व्हीएस कोड हा हल्ली सगळ्यांचा आवडता. त्यात सी/सी++चे एक्स्टेन्शनही टाकतात. पण व्हीएस कोड लिहिण्याची जागा आहे, आणि ते एक्स्टेन्शन रंग भरते, शब्द सुचवते, चुका दाखवते. कंपायलर त्यात येत नाही. कोडब्लॉक्सचे तर डाउनलोडच्या पानावरच फसते. तिथे फाइली अनेक. ज्या फाइलच्या नावात मिंगडब्ल्यू आहे तिच्यात कंपायलर आहे, साध्या सेटअपमध्ये नाही. डेटा वाचवायचा म्हणून माणूस लहान फाइल उतरवतो आणि कंपायलरशिवायचा रिकामा सांगाडा घेऊन बसतो. फोल्डरच्या नावात मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षरे असली तरी काही अवजारे अडखळतात. तेव्हा विंडोजच्या सी-ड्राइव्हवर थेट एक छोटे, रोमन अक्षरांतले फोल्डर करावे हे बरे. अँटीव्हायरस तुमचीच नुकती तयार झालेली फाइल संशयाने उचलून नेतो, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. त्याला अनोळखी सगळेच चोर.

आता मूळ मुद्दा. ‘जीसीसी’ ही कमांड म्हणजे कंपायलर नव्हेच. ती मुकादम आहे. आपण एक आज्ञा देतो आणि ती एकामागून एक चार जणांना कामाला लावते. पहिला प्रीप्रोसेसर: हॅश-इन्क्लुडच्या जागी त्या हेडर फाइलचा मजकूर आणून ओततो, त्यामुळे पाच ओळींचा प्रोग्राम शेकडो ओळींचा होतो. दुसरा खरा कंपायलर, त्याचे नाव सीसीवन: तो सीचे व्याकरण तपासून असेंब्ली लिहितो. तिसरा असेंब्लर, त्या असेंब्लीची ऑब्जेक्ट फाइल करतो. चौथा लिंकर, नाव नुसते ‘एलडी’: तो तुमची ऑब्जेक्ट फाइल आणि लायब्ररी यांची सांधेजोड करून चालणारी फाइल बनवतो. ‘सेव्ह-टेम्प्स’ हा पर्याय दिला तर मधल्या सगळ्या फाइली डिस्कवर राहतात आणि हा प्रवास डोळ्यांनी पाहता येतो. लॅबमध्ये हे एकदा दाखवायला दहा मिनिटे पुरतात. टर्बोतही असेच टप्पे होते, पण निळ्या पडद्याआड.

हे चार चेहरे ओळखीचे झाले की लाल ओळी बोलू लागतात. ‘कोनिओ डॉट एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ ही तक्रार प्रीप्रोसेसरची, तुमच्या सीबद्दल त्याने अजून काहीही म्हटलेले नाही. ‘एक्स्पेक्टेड सेमीकोलन’ हे कंपायलरचे बोलणे. जुन्या आवृत्त्या अशा वेळी पुढच्या ओळीचा नंबर सांगत, कारण सेमीकोलन नाही हे पुढचा शब्द आल्यावरच कळते. म्हणून दाखवलेल्या ओळीच्या वरची ओळ पाहायची. एक कर्ली ब्रॅकेट विसरला की चुकांची माळ लागते. त्यातली पहिली तेवढी दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करावे. बाकीच्या बहुतेक आपोआप जातात.

‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ दिसले, आणि शेवटी ‘एलडी रिटर्न्ड वन एक्झिट स्टेटस’, तर समजावे की कंपायलर खूश आहे आणि लिंकर अडला आहे. यातले सगळ्यात छळवादी उदाहरण वर्गमुळाचे. उबुंटू या लिनक्सवर सोळाचे वर्गमूळ काढणारा प्रोग्राम सुरळीत चालतो. सोळाच्या जागी वापरकर्त्याकडून घेतलेला ‘एन’ घातला की अनडिफाइन्ड रेफरन्स! पोरगं वेडं व्हायचंच बाकी राहतं. कारण असे की सोळा ही ठरलेली संख्या असल्याने जीसीसी वर्गमूळ स्वतःच काढून चार लिहून टाकतो, लायब्ररीची गरजच पडत नाही. ‘एन’ किती ते आधी कळायला मार्ग नाही, म्हणून गणिताची लायब्ररी हवी, आणि लिनक्सवर ती वेगळी ठेवलेली असते. कमांडच्या शेवटी ‘वजा एल एम’ लिहावे लागते. फाइलच्या नावाआधी लिहिले तर उबुंटूवर पुन्हा तेच रडगाणे. मॅथ डॉट एच घेतले म्हणजे गणित आले असे होत नाही. हेडरमध्ये फक्त फंक्शनची ओळख असते, फंक्शन लायब्ररीत. विंडोजवरच्या मिंगडब्ल्यूला ही ‘वजा एल एम’ची भानगड लागत नाही. त्यामुळे मित्राच्या लॅपटॉपवर चालतो आणि माझ्याकडे का नाही, हा वाद रंगतो.

‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू विनमेन’ ऐकायला भयंकर, पण बहुतेक वेळा अर्थ एवढाच: लिंकरला तुमचे ‘मेन’ सापडले नाही. नाव चुकले असेल, किंवा फाइल सेव्हच केलेली नसेल. ‘परमिशन डिनाइड’ आले तर प्रोग्रामची आधीची प्रत अजून चालू असते. ती बंद केल्याशिवाय नवी फाइल तिच्या जागी लिहिता येत नाही.

सांध्यांपैकी तिसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो डाउनलोड करून सुटत नाही. आपल्या वहीतली सी बोरलँडच्या बोलीतली आहे. ‘सीएलआरएससीआर’ आणि ‘गेटसीएच’ ही सीची फंक्शने नव्हेत. ती डॉसच्या पडद्यासाठी कोनिओ या हेडरमधून दिलेली जास्तीची सोय. लिनक्सवर कोनिओ नाहीच. मिंगडब्ल्यूवर ती अर्धवट आहे, ‘गेटसीएच’ मिळते आणि ‘सीएलआरएससीआर’ मिळत नाही, हे तर त्याहून वाईट. आधी जीसीसी अशा न सांगितलेल्या फंक्शनवर नुसती ताकीद देऊन पुढे जाई आणि लिंकर अडवी. मे २०२४मध्ये आलेल्या जीसीसी १४पासून कंपायलरच तिथे थांबतो. ‘व्हॉइड मेन’चेही तसेच विचित्र. सीच्या फाइलमध्ये जीसीसी ते गपगुमान चालवून घेतो, सी++च्या फाइलमध्ये तीच ओळ चूक ठरते. बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सला सी++ करणाऱ्यांना ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ भेटते. सी++चे प्रमाण १९९८ साली ठरले आणि त्यात ‘डॉट एच’ गळाले. टर्बो ३.० त्याच्या सात वर्षे आधीचे. त्याला ‘युझिंग नेमस्पेस एसटीडी’ कळत नाही, आणि नव्या कंपायलरला टर्बोची सुरुवात कळत नाही.

आकड्यांचा फरक तर उत्तरच बदलतो. टर्बोत ‘इंट’ दोन बाइटचा, कमाल ३२,७६७. आठचे फॅक्टोरियल ४०,३२०. टर्बो दाखवते उणे २५,२१६. नव्या जीसीसीत ‘इंट’ चार बाइटचा, तो बाराच्या फॅक्टोरियलपर्यंत बरोबर जातो. तेराचे ६,२२,७०,२०,८०० असायला हवे, तिथे १,९३,२०,५३,५०४ दिसते. माझ्या मते टर्बोची चूक जास्त प्रामाणिक. उणे आकडा पाहून निदान शंका तरी येते.

‘स्कॅनएफ’मध्ये अँड चिन्ह विसरले तर काय होते, यातही जमाना बदलला. डॉसमध्ये मेमरीला राखणदार नव्हता; प्रोग्राम भलत्या जागी लिहून पुढे चालत राही आणि चूक वर्षभर खपून जाई. आताची प्रणाली भलत्या जागी हात घालताच ‘सेग्मेंटेशन फॉल्ट’ म्हणून प्रोग्राम ठार करते. ‘वॉल’ हा ताकिदींचा पर्याय लावून कंपाइल केले असते तर जीसीसीने हे आधीच सांगितले असते. तोच पर्याय ‘आय प्लस प्लस अधिक प्लस प्लस आय’ यासारख्या लाडक्या प्रश्नांवरही बोट ठेवतो. असल्या वाक्याचे उत्तर सीच्या प्रमाणात ठरलेलेच नाही, तरी एमसीक्यूंच्या गाइडांत त्याला चार पर्याय असतात आणि त्यांतला एक बरोबर म्हणून छापलेला असतो. परीक्षा घेणारे हे प्रश्न काढून टाकतील तो सुदिन.

नोट्स व्हॉट्सॲपवर फिरू लागल्यापासून एक नवाच छळ निघाला आहे. वर्डमधून किंवा पीडीएफमधून प्रोग्राम कॉपी केला की जीसीसी म्हणतो, ‘स्ट्रे ३४२ इन प्रोग्राम’, पाठोपाठ २०० आणि २३४. प्रोग्राम डोळ्यांना अगदी बरोबर दिसतो. वर्डने साध्या सरळ अवतरणचिन्हांची वळणदार, सुबक चिन्हे करून ठेवलेली असतात आणि ती सीला चालत नाहीत. ३४२, २०० आणि २३४ हे अशा एका चिन्हाचे तीन बाइट, अष्टमान पद्धतीत लिहिलेले. अवतरणे पुसून कीबोर्डवरून पुन्हा टाइप केली की संपले.

असेच बाइट देवनागरीतही भेटतात. युटीएफ-८मध्ये प्रत्येक देवनागरी अक्षरचिन्हाला तीन बाइट, आणि काना-मात्रेलाही वेगळे तीन. ‘नायगाव’ या शब्दाची लांबी ‘एसटीआरएलईएन’ला विचारली तर उत्तर येते १८. विंडोजच्या काळ्या खिडकीत तो शब्द छापला तर भलतीच चिन्हे दिसतात, ‘सीएचसीपी ६५००१’ ही कमांड दिल्यावर निदान बाइटांचा अर्थ बरोबर लावला जातो. २०२०च्या जीसीसी १०पासून तर व्हेरिएबलचे नावही थेट देवनागरीत ठेवता येते. तशी सवय लावा असे मी म्हणणार नाही, पण एकदा ‘बेरीज’ नावाचा व्हेरिएबल चालताना पाहिला की पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

कटकट कमी हवी असेल तर जीसीसीला त्याच्या घरीच भेटावे. जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकले की ‘बिल्ड-इसेन्शियल’ हे एक पॅकेज पुरते. पाथचा प्रश्न येत नाही. तिथले चकवे वेगळे. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही आणि कीबोर्ड बिघडला असे वाटते. तयार झालेली ‘ए डॉट आउट’ चालवायला आधी डॉट आणि स्लॅश द्यावे लागतात. प्रोग्रामला ‘टेस्ट’ असे नाव दिले आणि डॉट-स्लॅश विसरले तर काहीच घडत नाही, कारण त्या नावाची शेलची स्वतःची कमांड आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सवर जीसीसी वापरून सी शिकवणारे पाठ मराठीतही आहेत. त्याच आयआयटीत प्राध्यापक उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर चालले आणि कंपायलरच्या पोटात काय असते ते शिकवणाऱ्या कार्यशाळा झाल्या. म्हणजे हे ज्ञान फार लांब आहे अशातला भाग नाही. नायगावच्या लॅबपर्यंत ते अजून पोचलेले नाही एवढेच.

आणि लॅपटॉपच नसेल तर? ऑनलाइन कंपायलर आहेत, पण रेंज गेली की तेही गेले, आणि बऱ्याच ठिकाणी ‘स्कॅनएफ’चे इनपुट आधीच एका चौकटीत भरून ठेवावे लागते. त्यापेक्षा अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे टर्मिनलचे ॲप घ्यावे, एफ-ड्रॉइड या ॲप-स्टोअरवरून. त्यात क्लँग हा दुसरा मोफत कंपायलर एका कमांडने बसतो; चुका इतक्या स्पष्ट सांगतो की जीसीसीलाही त्याच्यामागे आपली भाषा सुधारावी लागली. एकदा बसला की नेट नसले तरी चालतो. ओटीजीची पिन लावून साधा कीबोर्ड जोडला की सरावापुरते काम भागते. कोनिओ तिथेही नाही, पण तिच्या हॅश-इन्क्लुडची ओळ, ‘सीएलआरएससीआर’ आणि ‘गेटसीएच’ एवढे खोडले आणि ‘व्हॉइड मेन’चे ‘इंट मेन’ केले की वहीतले बहुतेक प्रोग्राम जसेच्या तसे चालतात.